घरच्या पडद्यावरील त्रिमिती चित्रें आणि मुलांचे डोळे

ईश्वरानें मनुष्यास डोळे दोन दिले, ते केवळ एक निकामी झाला तर दुसरा असावा एवढ्याचसाठीं नव्हेत. सुईंत दोरा ओवतांना, पातेल्यांतून पेल्यांत ताक ओततांना किंवा गर्दीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारीचें अंतर अजमावतांना दोन्ही डोळे मिळून जें काम करितात, तें एकट्या डोळ्यास तितक्या सफाईनें साधत नाहीं. ज्या कोणास याची प्रचीति पाहावयाची असेल त्यानें एक डोळा मिटून दोन पेन्सिलींचीं टोकें हातभर अंतरावर एकमेकांस भिडवून पाहावीं. बहुधा पहिल्या प्रयत्नांत तीं एकमेकांस चुकवून जातील. याच द्विनेत्री दृष्टीवर त्रिमिती चित्रपटांचा सारा खेळ उभारलेला आहे. हा खेळ कांहीं वर्षें आपल्या दिवाणखान्यांतही येऊन राहिला आणि ओसरला. त्यापासून गृहस्थाश्रमी माणसानें काय शिकावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या दोन डोळ्यांत सुमारें सहा-साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें एकाच वस्तूचीं दोन किंचित् भिन्न चित्रें डोळ्यांत उमटतात आणि मेंदू त्यांचा मेळ घालून वस्तूची खोली ओळखतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यानें १८३८ सालीं हें तत्त्व विशद केलें व डाव्या आणि उजव्या डोळ्यास निरनिराळें चित्र दाखविणारें यंत्रही सिद्ध केलें. पुढील सर्व युक्त्या या एकाच मूळ कल्पनेच्या शाखा होत. हलत्या चित्रांची हौस महाराष्ट्रास नवी नाहीं. कल्याणच्या पटवर्धन घराण्यानें गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ गांवोगांव केले, तेव्हां दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट अद्याप जन्मास यावयाचा होता. त्रिमिती चित्रपट मात्र आपल्या देशांत प्रथम मल्याळम् भाषेंत, १९८४ सालीं निघाला. ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ हें त्याचें नांव, व हिंदींत तो ‘छोटा चेतन’ म्हणून सर्वतोमुखी झाला. मराठींत हा मान महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला २’ या चित्रपटाकडे जातो. तो २०१३ सालीं पडद्यावर आला आणि रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला प्रेक्षकांच्या अंगावर धांवून आला.

घरच्या संचांत ही किमया आली ती २०१० च्या सुमारास. आदल्या वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ‘अवतार’ या अमेरिकन चित्रपटानें जगभर त्रिमितीची लाट उसळविली होती. तिचाच हा परिणाम. संच दोन प्रकारचे होते. एकांत डाव्या व उजव्या डोळ्याचें चित्र आळीपाळीनें पडद्यावर येई आणि डोळ्यांवरील चष्म्याच्या काचा त्याच तालावर क्षणांत अंध, क्षणांत पारदर्शक होत. हे चष्मे विजेवर चालत. म्हणून ते जड असत व महागही पडत. दुसऱ्या प्रकारांत पडद्याच्या एकाआड एक ओळी निरनिराळ्या डोळ्यांस वाटून दिलेल्या असत, व प्रकाशलहरींस विशिष्ट वळण देऊन साध्या, हलक्या चष्म्यांतून त्या वेगळ्या केल्या जात. येथें चष्मा स्वस्त खरा. परंतु प्रत्येक डोळ्याच्या वांट्यास चित्राच्या निम्म्याच ओळी येत. दोन्ही प्रकारांत चित्राचें तेज मंदावे, हा दोष समान.

मुलांचीं व्यंगचित्रें या कामीं विशेष उपयोगी ठरलीं, याचें कारण जाणण्यासारखें आहे. जिवंत नटांचा त्रिमिती चित्रपट घ्यावयाचा तर दोन कॅमेरे जोडीनें चालवावे लागतात, अथवा मागाहून मोठ्या खटपटीनें एकाचीं दोन चित्रें करावीं लागतात. संगणकावर रचलेल्या व्यंगचित्रपटांत मात्र प्रत्येक पात्र व प्रत्येक झाड आधींच लांबी, रुंदी व खोलीसह घडविलेलें असतें. दुसऱ्या डोळ्याच्या जागेवरून तेंच दृश्य पुन्हां एकदां काढलें कीं काम झालें. म्हणूनच १९९५ सालचा ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट २००९ मध्यें त्रिमितींत पुन्हां दाखवितां आला.

पिंपरी-चिंचवड व चाकण या परिसरांतील घरांस ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालीं पिंपरीस झाली, त्यापाठोपाठ मोटारी व दुचाकी घडविणारे कारखाने आले, आणि संग्रामदुर्गासाठीं इतिहासांत गाजलेलें चाकण आतां मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध झालें. येथील कित्येक गृहस्थ दिवसभर संगणकावर यंत्रांच्या भागांचीं त्रिमिती रेखाटनेंच फिरवीत असतात. अशा घरांत नव्या यंत्राचें कौतुक अधिक असावें, हें स्वाभाविक आहे. त्यांत येथील जीवनक्रमाची एक अडचण आहे. पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं, तर शाळांची रविवारीं. शिवाय पाळ्यांचें चक्र निराळें. वडील घरीं असतात तेव्हां मुलें शाळेंत, आणि मुलें मोकळीं असतात तेव्हां वडील यंत्रावर. जो एखादा तास सर्वांस एकत्र मिळे, तो सुखाचा जावा म्हणून मोठा पडदा घरांत येई. त्यांत केवळ डौलाची हौस होती असें म्हणणें अन्यायाचें होईल.

तरीही हा पाहुणा घरांत रुळला नाहीं. आपल्या घरांत दूरदर्शन संच हा देवघरांतील समईसारखा नव्हे, कीं त्यासमोर स्तब्ध बसावें. गृहिणी भाजी निवडतां निवडतां पाहते, आजोबा लोडाला टेकून वर्तमानपत्र चाळतां चाळतां पाहतात, मुलें जेवतां जेवतां पाहतात. त्रिमिती चित्रास हें चालत नाहीं. चष्मा लावला कीं ताटांतील भाजी व हातांतील पत्र अंधुक झालेंच. तो काढला कीं पडद्यावर दुहेरी आकृति. आजोबांनीं कुशीवर कलंडून पाहिलें तर चित्रांचा मेळ तुटतो. कारण तीं चित्रें समांतर ठेवलेल्या डोळ्यांसाठीं काढलेलीं असतात. ज्यांस मूळचाच चष्मा आहे त्यांनीं त्यावर दुसरा चढवावा, आणि घरांत माणसें सहा असून चष्मे चार असले म्हणजे भांडण निराळेंच. पाहण्याजोगे चित्रपटही थोडेच होते. परदेशांतील प्रक्षेपण संस्थांनीं २०१३ पासून हात आंखडता घेतला, आणि २०१७ पर्यंत सर्व प्रमुख कंपन्यांनीं असे नवे संच काढणें बंद केलें. आज जे संच घरोघर आहेत ते त्या काळचे. सपाट चित्रांसाठीं ते उत्तमच आहेत.

परंतु या प्रकरणांत एक गोष्ट अशी आहे, कीं जी संच गेला तरी विसरतां कामा नये, व हा लेख मुख्यतः तिच्याचसाठीं आहे. त्रिमिती चित्र पाहतांना घरांतील सर्व मुलें हात पुढें करून पडद्याबाहेर आलेला मासा धरूं पाहतात, आणि एखादेंच मूल शांत बसून राहतें. तें म्हणतें, “मला कांहीं बाहेर आलेलें दिसत नाहीं.” वडील माणसें त्यास मंद किंवा हट्टी समजतात. वस्तुतः त्या मुलाचे दोन डोळे एकत्र काम करीत नसण्याचा संभव असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार निराळा असला, किंवा डोळा किंचित् तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याचें चित्र हळूहळू टाकून देऊं लागतो. यास आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करीत नाहीं, कारण दोन्ही डोळ्यांनीं पाहणें म्हणजे काय हें त्यास ठाऊकच नसतें. चांगल्या डोळ्यावर त्याचें सर्व निभावतें. योग्य चष्मा देऊन व चांगला डोळा रोज कांहीं काळ झांकून या दुर्बळ डोळ्यास कामास लावतां येतें. मात्र सात-आठ वर्षांच्या आंत उपचार झाल्यास गुण अधिक येतो. पुढें तो कठीण होत जातो. सबब असें मूल आढळल्यास त्याची थट्टा न करतां त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. त्रिमिती चित्र हें वैद्याच्या परीक्षेची जागा घेऊं शकत नाहीं, पण शंकेचें पहिलें बोट तें दाखवूं शकतें.

दुसरी सूचना लहानग्यांविषयीं. खऱ्या जगांत आपण ज्या अंतरावर बुबुळें वळवितों, त्याच अंतरावर नेत्रभिंगही जुळतें. त्रिमिती चित्रांत बुबुळें पुढें आलेल्या माशाकडे वळतात व भिंग मात्र मागच्या पडद्यावर जुळलेलें ठेवावें लागतें. या ओढाताणीनें कित्येकांस डोकें दुखणें, डोळे शिणणें असा त्रास होतो. फ्रान्समधील सरकारी आरोग्यसंस्थेनें २०१४ सालीं सहा वर्षांखालील मुलांस अशीं चित्रें दाखवूं नयेत, व तेरा वर्षांपर्यंत तीं बेतानेंच दाखवावीं, असा सल्ला दिला. ज्यांच्या घरीं जुना संच चालू आहे त्यांनीं तो पाळावा. मोठ्या मुलांसही एका बैठकीस एकच चित्रपट पुरे. पडद्यापासून पुरेसें अंतर असावें, मान सरळ असावी, आणि डोकें दुखूं लागतांच चष्मा उतरवावा.

संच घरीं नसला म्हणून मुलांनीं या आनंदास मुकावें असें नाहीं. चिंचवड येथें २०१३ सालीं उघडलेलें महानगरपालिकेचें विज्ञान केंद्र जवळच आहे. तेथें जाऊन यंत्रें हाताळण्यांत व त्यांचें तत्त्व समजून घेण्यांत जी करमणूक आहे, ती केवळ पाहण्याहून टिकाऊ होय. घरींही निळ्या व तांबड्या पारदर्शक कागदांचा चष्मा करून कोणत्याही साध्या पडद्यावर त्या पद्धतीचें चित्र मुलांस दाखवितां येतें. रंग बिघडतात, पण तत्त्व कळतें.

यंत्रें येतील व जातील. आज या खेळाची जागा डोक्यास बांधावयाच्या पेटीनें घेण्याचें घाटत आहे, आणि त्या पेटींत तर प्रत्येकजण एकटा. कोणतेंही नवें साधन घरांत घेतांना किंमत व कंपनी यांची चौकशी आपण करतोंच. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे: घरांतील माणसें यासमोर एकत्र बसतील कीं पांगतील, आणि सर्वांत लहान मुलाच्या डोळ्यांस तें मानवेल कीं नाहीं. या दोहोंचें उत्तर ज्यास देतां येईल, त्यानें खुशाल हौस करावी.