यंत्राला ‘का?’ विचारणारा कार्यालयप्रमुख

एखाद्या कार्यालयात नवे यंत्र आले, की ते कसे चालवावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना आवर्जून दिले जाते. यंत्राने दिलेल्या उत्तराविषयी शंका कोणी आणि कोणाजवळ काढावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. टंकलेखन यंत्राच्या बाबतीत ही उणीव कोणास जाणवली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत ती प्राणावर बेतू शकते. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांसंबंधी झालेले एक संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे.

न्यूमोनिया झालेल्या कोणत्या रुग्णास रुग्णालयात दाखल करून घ्यावे आणि कोणास औषधे देऊन घरी पाठवावे, हे ठरविण्यास संगणकाचे साहाय्य व्हावे, या हेतूने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास हे काम हाती घेण्यात आले. ७८ रुग्णालयांतील सुमारे १४,००० रुग्णांच्या नोंदी त्यासाठी उपलब्ध होत्या. मृत्यूचा धोका वर्तविण्याच्या अनेक पद्धती तपासण्यात आल्या. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून कल्पिलेली ‘न्यूरल नेटवर्क’ ही पद्धत त्यांत सर्वांत अचूक ठरली. केवळ अचूकतेचा आकडा पाहणाऱ्याने तिचा तत्काळ स्वीकार केला असता.

त्याच नोंदींवर नियम शोधून काढणारी आणखी एक पद्धतही चालविण्यात आली होती. तिचे नियम माणसास वाचता येत. त्यांतील एक नियम विलक्षण होता. दमा असलेल्या रुग्णास न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका इतरांहून कमी, असे तो सांगत होता! आधीच श्वसनाचा विकार असणारा माणूस अधिक सुरक्षित कसा? हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवताच उलगडा झाला. दमेकऱ्यास न्यूमोनिया झाल्याचे दिसताच त्यास बहुधा थेट अतिदक्षता विभागात नेले जात असे आणि तेथील दक्ष उपचारांमुळे त्याचा धोका खरोखरच घटत असे. संगणकाने नोंदींतील सत्यच सांगितले होते. परंतु त्यावर विसंबून दमेकऱ्यांना घरी पाठविले असते, तर ज्या उपचारांमुळे ते वाचत होते तेच उपचार बंद झाले असते.

या कामात सहभागी असलेले संशोधक रिच कारुआना यांनी न्यूरल नेटवर्क रुग्णांसाठी वापरू नये, असा सल्ला दिला. दम्याची चूक डोळ्यांसमोर आली म्हणून दुरुस्त करता आली असती; त्या जाळ्यात न दिसणाऱ्या तशा आणखी किती चुका दडल्या असतील, ही त्यांची खरी शंका होती. २०१५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचता येण्याजोगी, तरीही तेवढीच अचूक पद्धत त्याच नोंदींवर चालवून पाहिली, तेव्हा हृदयविकाराच्या रुग्णांबाबतही तोच प्रकार आढळून आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की उत्तर डॉक्टरांना ठाऊक होते, पण नियम संगणकतज्ज्ञांच्या हाती होता. दोघांची गाठ पडली नसती, तर प्रश्न विचारलाच गेला नसता. ही गाठ घालून देणे हे प्रमुखाचे काम होय. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शंका काढणारा कर्मचारी प्रगतीचा विरोधक समजला जातो आणि मग तो गप्प बसणेच पसंत करतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणारी यंत्रणा तपासण्यात आली. चित्र कोणत्या रुग्णालयातील आहे, हेही ती जवळजवळ अचूक ओळखत असल्याचे दिसून आले. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण ३४ टक्के होते, तर अन्य दोन संस्थांच्या चित्रांत ते एक टक्क्याच्या आसपास होते. साहजिकच, रुग्णालय ओळखले की रोगाचा अंदाज निम्मा झालाच! ही यंत्रणा परक्या रुग्णालयातील चित्रांवर अनेकदा उणी पडली.

प्रश्न विचारणे पुरेसे नसते. तो योग्य ठिकाणी विचारावा लागतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका दाव्यात वकिलांनी संगणकाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे दाखल केले. त्यांपैकी एकाला शंका आली नव्हती असे नाही. परंतु निवाडे खरे आहेत काय, हे त्याने त्या यंत्रालाच विचारले. यंत्राने होकार दिला. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ग्रंथालयातील निवाडासंग्रह उघडला असता, तर हा प्रसंग टळला असता.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये कृषिक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी धोरण मंजूर केले आहे. पिकावरील कीड किंवा पाण्याची गरज यांविषयी यंत्राचा सल्ला गावापर्यंत पोहोचेल, तेव्हा तो ज्या नोंदींवर आधारला आहे त्या कोणत्या जमिनीतल्या, बागायतीच्या की कोरडवाहू शेतीच्या, हे तालुक्याच्या अधिकाऱ्याने विचारावयास हवे. आणि सल्ला आपल्या शेताला लागू पडत नाही असे शेतकरी सांगू लागला, तर त्याचे म्हणणे लिहून घेण्यासाठी कार्यालयात एक नोंदवही असावयास हवी.