मठ खालसा झाले तेव्हा

मी महसूल खात्यात उभी हयात काढली. त्यामुळे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानं मठ बंद केले ती हकिगत वाचताना माझं लक्ष त्याच्या सहा लग्नांकडे न जाता दप्तराकडे गेलं. 1534 मध्ये हेन्री पोपला झुगारून स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी त्याचा कारभारी थॉमस क्रॉमवेल यानं देशभरातल्या चर्चच्या आणि मठांच्या उत्पन्नाची मोजदाद करवली. ‘वालोर एक्लेसियास्टिकस’ हे त्या दप्तराचं नाव. जमिनी, खंड, पाणचक्क्या सगळं त्यात उतरलं.

त्यातल्या एका नियमाशी मी थबकलो. दानधर्माची वजावट मिळे, पण मठाच्या मूळ दानपत्रानं जे दान बंधनकारक केलं असेल तेवढ्याचीच. दारी आलेल्या भुकेल्याला मठवासी आपणहून जे वाढत, ते हिशेबात आलंच नाही. त्यामुळे कागदावर मठांचं काम होतं त्याहून लहान दिसलं.

1536 मध्ये कायदा झाला: वर्षाला 200 पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ सरकारजमा. प्रस्तावनेत म्हटलं होतं, लहान मठांत अनाचार माजलाय, मोठे मात्र नीट चालतात. उत्पन्नाच्या आकड्यावरून शील ठरवणारा हा कायदा मला धडधडीत खोटा वाटतो.

या कायद्याविरुद्ध लोक आधी कुठे उठले? लिंकनशरमधल्या लाऊथ गावात. तिथल्या सेंट जेम्स चर्चचा उंच मनोरा 1515 साली पुरा झाला होता. गावानंच त्यासाठी पैसा उभा केला होता. 1536 च्या शरदात त्या मुलखात एकाच वेळी तीन सरकारी पथकं फिरत होती. एक मठ बंद करणारं, दुसरं कर वसूल करणारं, तिसरं पाद्र्यांची चौकशी करणारं. आता गावच्या चर्चमधले चांदीचे क्रूसही नेणार, अशी आवई उठली. 1 ऑक्टोबरच्या रविवारी संध्याकाळी गावकऱ्यांनी किल्ल्या ताब्यात घेतल्या आणि त्या चांदीवर रात्रभर पहारा दिला. त्यांचा म्होरक्या निकोलस मेल्टन नावाचा चांभार, ‘कॅप्टन कॉब्लर’. शेजारच्या लेगबर्नला नन्सचा मठ बंद करायला आलेली क्रॉमवेलची माणसं लोकांनी धरली. हॉर्नकासलला बिशपच्या एका अधिकाऱ्याला जमावानं ठार मारलं; ते कृत्य क्रूर होतं. लिंकनशरचा उठाव दोन आठवड्यांत विरला, पण तोवर यॉर्कशर पेटलं होतं.

तिथला पुढारी रॉबर्ट आस्क हा एका डोळ्यानं अधू असलेला वकील. त्यानं या उठावाला यात्रा म्हटलं. ख्रिस्ताच्या पाच जखमांचं चिन्ह छातीवर लावायचं, शपथ घ्यायची, लूटमार करायची नाही. राग राजावर नव्हता, क्रॉमवेलसारख्या सल्लागारांवर होता. डॉन्कास्टरपाशी आस्कबरोबर तीसेक हजार माणसं होती आणि समोर राजाच्या बाजूनं आलेल्या ड्यूक ऑफ नॉरफोकची फौज त्याच्या निम्मीही नव्हती. लढाई झाली असती तर आस्क बहुधा जिंकला असता. त्यानं बोलणी केली.

मठ का हवेत, हे आस्कनं पुढे तुरुंगातल्या जबानीत सांगितलं आणि ती जबानी टिकली आहे. डोंगराळ उत्तरेत वाटसरूला आसरा मठात मिळतो. गरिबाला अन्न, लोकांना धर्माची शिकवण तिथेच. पूल, रस्ते, समुद्राचं पाणी अडवणारे बांध मठ राखतात. आणि मठ गेले तर इथला पैसा दक्षिणेत जाईल. दप्तरात जे लिहिलं गेलं नव्हतं, ते या माणसानं लिहून ठेवलं.

डिसेंबरमध्ये नॉरफोकनं राजाच्या वतीनं सरसकट माफी आणि उत्तरेत संसद भरवण्याचं वचन दिलं. आस्कनं छातीवरचं चिन्ह उतरवलं, लोकांना घरी पाठवलं. नाताळात राजानं त्याला दरबारात बोलावून गोड बोलून परत धाडलं. जानेवारीत सर फ्रान्सिस बिगडनं पुन्हा बंड केलं. आस्कनं त्याला विरोध केला होता, तरी राजाला निमित्त मिळालं. कार्लाइलच्या बाजूला नॉरफोकनं लष्करी कायद्याखाली 74 जणांना ज्याच्या त्याच्या गावात फाशी दिलं. त्यांच्या बायकांनी रात्री प्रेतं उतरवून पुरली, तर त्याचीही सरकारनं चौकशी लावली. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत धीराचं काम त्या बायकांनी केलं. आस्कला 12 जुलै 1537 रोजी यॉर्कमध्ये साखळदंडांत टांगलं.

मग ‘नीट चालणाऱ्या’ मोठ्या मठांची पाळी आली. 1540 च्या मार्चपर्यंत सुमारे 800 मठांतला एकही उरला नाही.

माझी मुलगी लीड्सला असते. तिच्याबरोबर मी रोश मठाचे अवशेष पाहिले. पांढरट दगडाच्या दोन उंच भिंती उभ्या आहेत, बाकी जोतं. 1538 मध्ये तो मठ मोडला, त्याची हकिगत मायकल शेरब्रुक या पाद्र्यानं पुढे लिहिली. प्रार्थनेला बसायची लाकडी आसनं जाळून त्या जाळावर छपराचं शिसं वितळवलं. आसपासच्या लोकांनी मिळेल ते नेलं. शेरब्रुकच्या वडिलांनीही तिथलं लाकूड घेतलं होतं. मुलानं पुढे विचारलं, मठवासी वाईट होते असं तुम्हाला वाटायचं का? नाही, म्हणाले. मग का घेतलंत? सगळंच जाणार हे दिसत होतं, इतरांनी केलं ते मीही केलं.

या उत्तरात मला सगळा उलगडा दिसतो. गरिबानं लाकूड नेलं, पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या. फाउंटन्स मठ लंडनचा व्यापारी रिचर्ड ग्रेशम यानं घेतला. नावावर चढलेली जमीन सुटत नाही, हे मी नोकरीत रोज पाहिलंय. हेन्रीची मुलगी मेरी 1553 मध्ये गादीवर आली. ती कट्टर कॅथलिक, मठ परत उभे करायची तिची मनापासून इच्छा होती. पण 1554 मध्ये पोपशी समेट झाला तो मठांच्या जमिनी ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्याकडेच राहतील, हे मान्य करून. त्या जमिनी धरून बसलेल्यांत कॅथलिकही होते.