पळवणकर बाळू : चेंडू आणि कर्णधारपद

भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा गोलंदाज कोण, याचे उत्तर पळवणकर बाळू असेच द्यावे लागते. पण ते गोलंदाजच का झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर त्यांच्या नोकरीत सापडते.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात शिपाई होते. पुण्यात बाळू आधी पारशी क्लबवर दरमहा तीन रुपयांवर आणि मग इंग्रजांच्या पूना क्लबवर चार रुपयांवर कामाला लागले. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असे ते काम. कॅप्टन ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र तिथे त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा मान होता. गोलंदाजी ही चाकरीचा भाग होती.

युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेतच, हे पुण्याच्या हिंदू संघाने ओळखले आणि त्यांना घेतले. त्यांनी टाकलेल्या चेंडूचा विटाळ कोणाला होत नव्हता. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी 18.84 च्या सरासरीने 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. 1920 साली धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळू उपकर्णधार झाले. कर्णधारपद घरात आले ते 1923 मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने.

1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे उभे राहिले, तेही डॉ. आंबेडकरांविरुद्ध, आणि हरले. 1955 साली त्यांचे निधन झाले.

प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, अशी त्यांची नोंद आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे बळी घेणाऱ्याला आपले क्षेत्ररक्षण ठरवण्याचा अंतिम अधिकार नव्हता.