वारं नव्हे, मेंदूचा झटका

आमच्या औंध भागात कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. शब्द जुना, पण घात करणारा. वारे म्हटले की घरचे लोक खिडक्या लावतात, घोंगडी पांघरतात, तेल चोळतात. कुणी कबुतराचे रक्त लावायलाही सांगतो. यात दोन-तीन तास सहज जातात. खरा बिघाड मेंदूत असतो. तिथली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मोठी वाहिनी बंद पडली, तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

मला झटका आला तो सकाळी साडेसहाला. उजव्या हातातून कप निसटला, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. सौ.ने पहिल्यांदा घड्याळ पाहिले. पाणीही पाजले नाही, हे फार बरे झाले. अशा वेळी गिळता येत नाही आणि पाणी फुप्फुसात जाते. शेजाऱ्याने गाडी काढली. सातारा चाळीस किलोमीटरहून अधिक दूर; पण पोहोचल्याबरोबर सीटी स्कॅन झाला आणि पावणेनऊला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले.

हे इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. म्हणून आधी स्कॅन. आणि घरातली अ‍ॅस्पिरिन मनाने द्यायची नाही. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून काढण्याची सोयही आता मोठ्या शहरांत आहे. काही निवडक रुग्णांना ती 24 तासांपर्यंत उपयोगी पडते. पण उशीर चालतो, असा त्याचा अर्थ नव्हे. रुग्ण झोपेतून उठतानाच लुळा आढळला, तर तो शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

इंजेक्शनने मी लगेच उठून चालू लागलो नाही. चष्मा मागायचा तर तोंडातून 'तांब्या' येई. नातवंडे हसत, मला रडू येई. औंध हे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार रुजवलेले गाव, त्यामुळे आठव्या दिवशीच 'नमस्कार सुरू करा' म्हणणारे हितचिंतक आले. फिजिओथेरपिस्टने मात्र खाटेवर बसणे, उठणे, सदऱ्याची बटणे लावणे एवढेच दिले. रोज, शेकडो वेळा. मेंदूचा शाबूत भाग अशा सरावानेच गेलेले काम थोडेथोडे उचलतो. हात कानापर्यंत जायला तीन महिने लागले. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, पुढे वेग मंदावतो, तरी ती थांबत नाही. लुई पाश्चरला 1868 मध्ये झटका आला, डावी बाजू अधू राहिली. रेबीजची लस त्याने 1885 मध्ये दिली.

दहा-वीस मिनिटांत हात आपोआप सुधारला, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मोठा झटका त्यामागून येऊ शकतो. गाडी नसेल तर 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते आधी विचारा. रक्तदाबाची माझी गोळी आता सौ. रोज समोर उभी राहून देते.