पिशवी काढल्यानंतरचा हिशेब

जळगावहून भुसावळकडे निघाले की नशिराबाद लागते. या पट्ट्यात कापसाची निंदणी-वेचणी मुख्यतः स्त्रियाच करतात, आणि वेचणीची मजुरी किलोवर ठरते. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे यांवर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला आपल्या ग्रामीण भागात नवा नाही. एकदाची ब्याद गेली, अशी समजूत त्यामागे असते. शरीरशास्त्र निराळे सांगते.

ईस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होते. त्याचे कार्य पाळी व गर्भधारणा एवढेच नव्हे. हाडे झिजविणाऱ्या पेशींना ते आवर घालते, रक्तवाहिन्यांची लवचिकता राखण्यास साहाय्य करते. भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी थांबते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर संप्रेरकाचा हा ओघ एका दिवसात आटतो. पस्तिशीतच हाडांची झीज वेग घेते, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये राखली तर तसे होत नाही. मात्र तीही काहीशी लवकर थकतात. आपले नेमके काय काढले, हे किती जणींना ठाऊक असते?

हा प्रश्न काल्पनिक नाही. खानदेशातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात; बीडमधील अशाच मजूर स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल! उचल वहीत लिहिली जाते. चाळिशीत धरलेली कंबर आणि त्यापायी घटलेली मजुरी कोणत्याच वहीत नसते.

अंडाशये अकाली काढावी लागल्यास, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत पूरक संप्रेरक द्यावे, असे वैद्यकशास्त्र मानते. २००२ मध्ये अमेरिकेतील चाचणीने या औषधांविषयी भीती पसरली खरी. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंगीकारावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावले. निदान घरी सोडतानाच्या कागदावर 'अंडाशये राखली' वा 'काढली' एवढे मराठीत लिहावयास तर फारसा खर्च येत नाही.