हेमंत-शिशिरातील शाळा, सण आणि बालकाचे बल

मार्गशीर्ष उजाडला की शाळांचा खरा गजबजाटाचा काळ सुरू होतो. क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल, नाताळची सुटी, संक्रांतीचे हळदीकुंकू, लहानग्यांचे बोरनहाण, प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी आणि रथसप्तमीची सामूहिक सूर्यनमस्कारे असे एकामागून एक प्रसंग दोन-अडीच महिन्यांत येतात. याच काळात आपल्या चिकित्सालयांत प्रतिश्याय, कास व ज्वराने त्रस्त बालकांची गर्दी होते. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘थंडीत मुलाला खेळू द्यावे की नको?’ आणि पुष्कळदा आपले उत्तरही ठरलेले असते : खेळ नको, सहल नको, पहाटे बाहेर पडणे नको. हे उत्तर शास्त्राला धरून आहे का, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखप्रपंच.

ऋतू, अग्नी आणि बालक

हेमंत हा विसर्गकालाचा अखेरचा आणि शिशिर हा आदानकालाचा आरंभीचा ऋतू. या दोन्ही ऋतूंत प्राणिमात्रांचे बल श्रेष्ठ असते, याविषयी चरक व वाग्भट यांचे एकमत आहे. बाह्य शीताने शरीरोष्मा आत कोंडला जातो आणि जाठराग्नी प्रबळ होतो. अशा अग्नीस पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो शरीरातील रसादी धातूंनाच पचवू लागतो व वाताचा प्रकोप होतो. म्हणूनच या काळात स्निग्ध, उष्ण व पोटभर आहार सांगितला आहे.

बालवयात कफाचे स्वाभाविक प्राधान्य असते आणि धातू अपरिपक्व असतात. शीत ऋतूत कफाचा संचयही होतो. म्हणजे बालकाच्या ठायी दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : अग्नी व बल वाढलेले असते, आणि कफही साचत असतो. अग्नी जपला तर कफ आवाक्यात राहतो. अग्नी बिघडला तर तोच कफ रोग निर्माण करतो. आमच्या मते मुख्य प्रश्न थंडीचा नसून या अग्नीच्या रक्षणाचा आहे. शाळेच्या कार्यक्रमांत तो बिघडतो तो खेळामुळे नव्हे, तर चुकलेले जेवण, अपुरी निद्रा, घामाने भिजलेले कपडे आणि अवेळी खाल्लेले गोड व थंड पदार्थ यांमुळे.

अर्थात देशविचारही हवा. निफाड, नागपूर किंवा महाबळेश्वर येथील थंडी निराळी आणि मुंबई, रत्नागिरी वा गोव्यातील निराळी. किनारपट्टीवरील बालकास विदर्भातील बालकाइतका गुरू-स्निग्ध आहार सोसेलच असे नाही. ऋतुचर्येचा उपदेश ग्रंथातून जसाच्या तसा न उतरवता बालकाची भूक पाहूनच करावा.

क्रीडास्पर्धा

येथे एक शास्त्रीय अडचण आहे. वाग्भटाने व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत वातपित्तरोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्यासमवेत बालकाचाही उल्लेख केला आहे. त्यावरून काही वैद्य शालेय खेळांनाच विरोध करतात. परंतु मूल स्वेच्छेने खेळते, दमले की थांबते. ती क्रीडा होय. व्यायामात शरीरास ठरवून आयास दिला जातो. धातू अपरिपक्व असताना शक्तीबाहेर आयास देऊ नये, हा त्या निषेधाचा आशय आम्हांस वाटतो. वर्षभर बसून असलेल्या मुलास स्पर्धेपूर्वी आठ दिवस अचानक धावपट्टीवर पळवणे मात्र या निषेधात नक्कीच बसते.

बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीनेही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम करावा, असे शास्त्र सांगते. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. शिक्षकांना व पालकांना ही लक्षणे साध्या शब्दांत समजावून द्यावीत. सराव दिवाळीच्या सुटीनंतर हळूहळू वाढवावा. स्पर्धेच्या दिवशी मुलास उपाशी धाडू नये. पहाटे तूप घालून मऊ भात, नाचणीची पेज किंवा मुगाचे धिरडे यांपैकी काहीही चालेल. घाम आल्यावर कोरडे कपडे घालावेत, दम ओसरल्यावर कोमट पाणी द्यावे. थंडीत तहान कमी जाणवते, म्हणून पाण्याची आठवण करून द्यावी लागते.

तमक श्वासाचा इतिहास असलेल्या बालकाचा विचार स्वतंत्रपणे करावा. त्यालाही खेळापासून कायमचे दूर ठेवू नये, मात्र धुके व धूर असलेल्या पहाटेऐवजी उन्हे आल्यावर खेळवावे, आणि नेहमीचे औषध, फवाऱ्यासह, शिक्षकांकडे असावे. ते औषध आपल्या सल्ल्याने परस्पर बंद होऊ नये.

दिवाळीचा अभ्यंग पुढे चालू ठेवावा

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान शरद सरत असताना येते. आपल्या घरांत ही परंपरा अजून टिकून आहे, परंतु एकदा उटणे लावले की तेलाची वाटी थेट पुढच्या वर्षी बाहेर निघते. वस्तुतः अभ्यंगाची खरी गरज त्यानंतरच्या शीत व रुक्ष काळात असते. शाळेच्या दिवसांत रोज जमत नसेल, तर रविवारी सर्वांगास कोमट तीळतेल आणि इतर दिवशी रात्री निजताना तळपाय, कान व मस्तक एवढे तरी व्हावे. कानात तेल घालण्याचा आग्रह नको, बाहेरून चोळणे पुरे. कफाने ग्रस्त, अजीर्ण झालेल्या किंवा ज्वर असलेल्या बालकास अभ्यंग करू नये, हे सांगण्यास विसरू नये. ‘सर्दी आहे, म्हणून जास्त तेल लावले’ असे सांगणाऱ्या माता थोड्या नाहीत.

स्नेहसंमेलन

महिनाभर चालणाऱ्या तालमी आणि रात्री उशिरापर्यंत रंगणारा कार्यक्रम हा बालकाच्या निद्रेवरचा मोठा आघात असतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. अपुऱ्या झोपेचा प्रश्न शासनासही जाणवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय काढला, त्यामागे हेच कारण होते.

जागरण टळत नसेल, तर त्याची भरपाई कशी करावी हेही वाग्भटाने सांगितले आहे : जितका काळ जागरण झाले असेल, त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता निजावे. दिवास्वाप एरवी निषिद्ध असला, तरी चरकाने त्यातून बालकास वगळले आहे. तेव्हा संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सुटी असावी, अशी विनंती वैद्याने शाळेस करण्यास हरकत नाही. कार्यक्रमापूर्वी सायंकाळी वरण-भात-तूप असे साधे जेवण व्हावे. रात्री अकरा वाजता आइस्क्रीम देऊन कौतुक करण्याऐवजी ते दुसऱ्या दिवशी दुपारी करावे, मुलाचा आनंद कमी होत नाही.

ज्वर असताना ‘एवढा नाच होऊ द्या’ म्हणून औषध मागणारे पालकही येतात. येथे मात्र वैद्याने ठाम राहावे. अनावश्यक नकार आपण जितके कमी देऊ, तितका या प्रसंगीचा आपला नकार मानला जाईल.

च्यवनप्राशाविषयी दोन शब्द

थंडी पडताच घरोघरी च्यवनप्राशाची बरणी येते. चरकाने त्याची मात्रा सांगताना जेवणास अडथळा होणार नाही एवढीच घ्यावी, असे म्हटले आहे. हा निकष फार मोलाचा आहे. चमचाभर च्यवनप्राश, त्यावर पेलाभर दूध आणि मग न्याहारी न करता शाळा, हा क्रम त्या निकषाच्या विरुद्ध जातो. ज्या रसायनाने भूक मरते, ते त्या बालकापुरते रसायन राहत नाही.

संक्रांत, पतंग आणि बोरनहाण

भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांगी, गाजर, घेवडा, हरभरा यांची मिसळीची भाजी हे हेमंतातील आहाराचे उत्तम उदाहरण आहे. तीळ उष्ण, स्निग्ध, गुरू व वातघ्न, पण कफपित्त वाढवणारे. भूक चांगली असलेल्या मुलास तिळाचा एखादा लाडू अमृतासमान. मात्र वर्गातील प्रत्येक मित्राकडून मिळालेला तिळगूळ, रेवड्या व वड्या एकाच दिवशी संपवल्या तर कास वाढणारच. डब्यात साठवून रोज जेवणानंतर थोडे द्यावे. तिळाने अंगावर पित्त उठणाऱ्या बालकास ते देऊच नयेत.

पतंगाचा आनंद येवला-नागपुरापासून सर्वत्र आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरीही तो विकला जातो आणि गळे कापले जातात. घरात साधा सुती दोरा आणावा, गच्चीला कठडा असावा, एवढे पालकांच्या कानी घालावे.

बोरनहाणाकडे मात्र आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, शेंगा व रेवड्या असा हा देखणा सोहळा. परंतु एक-दीड वर्षाचे मूल हाती येईल ते तोंडात घालते, आणि शेंगदाणा वा बोराची बी श्वासमार्गात अडकल्यास काही क्षणांत प्राणावर बेतते. चरकाने शारीरस्थानात खेळण्यांचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत ती तोंडात न जाणारी, प्राणास अपाय न करणारी आणि भय न निर्माण करणारी असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तोच नियम येथे लावावा. चार वर्षांखालील मुलाच्या डोक्यावरून ही सामग्री केवळ ओवाळावी, बाजूच्या ताटात ठेवावी आणि मोठ्या मुलांना त्यातून वाटावी. ताट लहानग्याच्या हाताला लागू देऊ नये. विधी मोडत नाही आणि बालक सुरक्षित राहते.

खाताना अचानक ठसका लागला, मग मूल शांत झाले आणि पुढे कित्येक दिवस खोकला वा छातीत एकाच बाजूस घुरघुर राहिली, तर त्यास कास समजून काढे देत बसू नये. श्वासमार्गात शल्य असल्याची शंका घेऊन त्वरित रुग्णालयात पाठवावे.

सल्ला कसा द्यावा

‘पथ्य पाळा’ या दोन शब्दांनी पालकांच्या हाती काही लागत नाही. शाळेचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि स्पर्धा, सहल, संमेलन व सण यांच्या तारखांसमोर प्रत्येकी एक-दोन सूचना लिहून द्याव्यात. सहलीसाठी कानटोपी, गरम पाणी व सकाळचे जेवण, हुरड्याच्या दिवशी रात्री केवळ मुगाचे कढण, संमेलनानंतर विश्रांती, इतके पुरते. वर्ज्य गोष्टी दोनांहून अधिक नसाव्यात.

याचबरोबर धोक्याची लक्षणे प्रत्येक मातेस पाठ असावीत. शांत असताना मोजलेली श्वासगती दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बालकात ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक असणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, मूल पाणीही न पिणे किंवा गुंगीत असणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

शीतकाळात साचलेला कफ वसंतात सूर्यतापाने पातळ होऊन अग्नी मंद करतो. नेमक्या त्याच सुमारास वार्षिक परीक्षा येतात. मार्च महिन्यात ऐन परीक्षेत आजारी पडणाऱ्या मुलाच्या रोगाचे मूळ पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीतील अवेळी जेवणात व जागरणात असते. म्हणून मुलांना या बलदायी ऋतूत मनसोक्त खेळू द्यावे, नाचू द्यावे, सण साजरे करू द्यावेत आणि त्यांच्या भुकेची व झोपेची वेळ मात्र राखावी. आपल्या गावातील एखाद्या शाळेत पालकसभेच्या दिवशी अर्धा तास मागून घेऊन प्रत्येक वैद्याने एवढे जरी सांगितले, तरी ऋतुचर्या ग्रंथातून घरात पोहोचेल.