दाब कुठे हरवतो : जुन्या स्कॉर्पिओच्या टर्बोची तपासणी

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर असलेला महिंद्र अँड महिंद्रचा कारखाना हा मुंबईच्या उपनगरांत अजून टिकून असलेल्या मोजक्या मोठ्या वाहन-कारखान्यांपैकी एक आहे. 1945 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1947 पासून विलीज जीपची जुळणी करणाऱ्या या कंपनीने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत ट्रॅक्टर-निर्मितीची वेगळी कंपनी उभी केली, जी पुढे 1977 मध्ये मूळ कंपनीतच विलीन झाली. कांदिवलीची औद्योगिक ओळख मुख्यतः या ट्रॅक्टरांनी घडवली. जून 2002 मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ मात्र कंपनीच्या नाशिकच्या कारखान्याची. तिच्या पहिल्या पिढीतल्या 2.6 लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची शक्ती 109 अश्वशक्ती होती, त्यानंतर कॉमन रेल इंधनपद्धती आली आणि 2008 मध्ये 2.2 लिटरचे एमहॉक इंजिन आले. एमएच-02 क्रमांकाच्या या जुन्या गाड्या पश्चिम द्रुतगती मार्गावर आजही दिसतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून आणि पर्यावरण कर भरून त्या चालवणाऱ्या मालकाची गॅरेजमधली एक तक्रार ठरलेली असते : ‘गाडी ओढत नाही, पिकअप गेला.’ चढाला गाडीचा दम सुटतो, मागून काळा धूर येतो आणि कधी इंजिनाचा संगणक शक्ती मर्यादित करून गाडी ‘लिंप मोड’मध्ये टाकतो. स्कॅनर लावला तर बहुधा पी0299 हा संकेतांक मिळतो, ज्याचा अर्थ टर्बोने अपेक्षेपेक्षा कमी दाब निर्माण केला एवढाच आहे.

या ‘एवढाच’मध्ये खरी अडचण आहे. संकेतांक परिणाम सांगतो, कारण सांगत नाही; तरीही पी0299 दिसताच टर्बो बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो आणि काही हजारांचे, कधी त्याहून बरेच मोठे बिल देऊनही गाडी तशीच राहते.

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक, म्हणजे टर्बाइन, फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. अधिक हवा मिळाली की अधिक डिझेल जाळता येते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले आणि 1920 च्या दशकात ती जहाजांच्या इंजिनांत आली. मोटारीतल्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. दाबल्यामुळे तापलेली हवा पुढे इंटरकूलर नावाच्या थंड करणाऱ्या जाळीतून जाते आणि मग इंजिनात शिरते. हवेच्या गाळणीपासून सिलिंडरपर्यंतच्या या वाटेत कुठेही हवा निसटली, अडली किंवा टर्बाइनला पुरेसा धूर मिळाला नाही, तर टर्बो निर्दोष असूनही दाब कमीच दिसतो.

म्हणूनच पहिली नोंद इंजिन सुरू करण्याआधी घ्यावी लागते. चावी फिरवून इंजिन बंद ठेवल्यास दाब मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे, जो समुद्रसपाटीजवळच्या कांदिवलीत 100 ते 101 किलोपास्कलच्या आसपास असतो. तेथे सेन्सर 88 दाखवत असेल तर दोष टर्बोत नसून सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. तीच गाडी सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात नेल्यास मात्र 86 हा आकडा बरोबर ठरतो. येथे आणखी एक गोंधळ नेहमी होतो : स्कॅनर एकूण दाब दाखवतो, तर टी-जोड लावून बसवलेले दाबमापक वातावरणापेक्षा किती जास्त दाब आहे ते दाखवते. या वर्गातल्या डिझेल इंजिनांत पूर्ण भारावर वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाब अपेक्षित असतो, पण नेमका आकडा त्या इंजिनाच्या दुरुस्तीपुस्तिकेतूनच घ्यावा.

यानंतरची सर्वांत फलदायी तपासणी गळतीची. पंधरा-वीस वर्षांत रबरी होस उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने मऊ पडतात, क्लिपा सैल होतात आणि इंटरकूलरच्या कडेच्या सांध्यांना चिरा जातात. थंड गाडीत हाताने चाचपल्यावर जो होस धड वाटतो, तोच भाराखाली फुगून उघडतो आणि पाय काढताच मिटतो. यामुळे नुसत्या पाहणीने समाधान मानणे म्हणजे हा दोष हातचा सोडणे होय. इंजिनाच्या वायुवीजनातून येणारे थोडे तेल कॉम्प्रेसरकडच्या नळ्यांत असतेच, म्हणून सांध्याबाहेर ओला, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर तोच गळतीचा साक्षीदार समजावा; बांधकामांच्या आणि धुळीच्या कांदिवलीत तो लवकर उमटतो. खात्रीसाठी कॉम्प्रेसरच्या तोंडावर टोपण बसवून नळ्यांत नियंत्रित दाबाने, म्हणजे अपेक्षित दाबाच्या आतच, हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे किंवा धूर सोडायचा. हवेचे वजन मोजणारा सेन्सर गळतीच्या आधी असेल, तर संगणक निसटलेली हवाही इंजिनात गेली असे समजून तिच्या हिशेबाने डिझेल सोडतो आणि काळा धूर येतो. पीयूसीच्या चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून धूर मोजला जातो, तेव्हा इंजिनावर भार नसतो आणि हा दोष तेथे सहसा उघड होत नाही.

हवा निसटत नसेल तर टर्बोच्या नियंत्रणाकडे वळावे लागते. जुन्या पद्धतीत वेस्टगेट नावाचे झाकण जादा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडते आणि ते उघडे अडकले की दाब तयार होत नाही. एमहॉकसारख्या इंजिनांत टर्बाइनभोवतीच्या हलत्या पात्यांनी धुराची वाट रुंद-अरुंद केली जाते. ही पाती निर्वाताने, म्हणजे व्हॅक्यूमने, हलवली जात असतील तर निर्वात कमी पडताच ती उघड्या बाजूला राहतात आणि कमी वेगावरचा पिकअप जातो. हातपंपाने पाती हलवणाऱ्या अॅक्च्युएटरला निर्वात देऊन त्याचा दांडा पूर्ण अंतर सरकतो का आणि निर्वात टिकतो का ते पाहता येते. पंपाकडून येणारा निर्वात स्वतंत्रपणे मोजता येतो. कित्येकदा दोषी असते ती बोटभर लांबीची, उन्हातापाने कडक होऊन चिरलेली व्हॅक्यूमची नळी, जिची किंमत टर्बोच्या किमतीपुढे नगण्य असते. पात्यांवर काजळी बसून ती जाम झाली असतील तर साफसफाई किंवा दुरुस्ती लागते, आणि ते काम कसलेल्या टर्बो-दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे.

धुराच्या बाजूचे दोष कमी वेळा आठवतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर गेल्यास किंवा त्याचे गॅस्केट फुटल्यास धूर टर्बाइनपर्यंत पूर्ण जोराने पोहोचत नाही. ईजीआर झडप, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारी झडप, उघडी अडकल्यासही तेच होते. आणि टर्बोपुढचा कॅटलिस्ट चोंदला असल्यास मागे दाब साचून टर्बाइन मंदावते. याहून मूलभूत गोष्ट अशी की टर्बो इंधनाच्या उष्णतेवर चालतो. चोंदलेल्या डिझेल फिल्टरमुळे इंधनच कमी पडत असेल तर धुरातली ऊर्जा घटते आणि दाबही कमी राहतो. अशा वेळी बहुधा काळा धूर नसतो, आणि ती खूण मौल्यवान आहे.

खुद्द टर्बोची पाळी शेवटी येते. कॉम्प्रेसरच्या तोंडाची नळी काढून, इंजिन बंद आणि थंड असताना, चाक हलवून पाहावे : बाजूने किंचित हालचाल स्वाभाविक आहे, पण पाती आवरणाला घासत असतील, कडा झिजल्या असतील किंवा दांडा पुढेमागे सहज जाणवेल एवढा सरकत असेल, तर टर्बो खरोखर संपला आहे. तरीही तो बदलण्याआधी तेलाची नळी तपासली नाही तर नवाही त्याच मार्गाने जातो, कारण बेअरिंगला तेल पोहोचले नाही की ते फार काळ टिकत नाही.

दुरुस्तीनंतर भाराखाली चाचणी हवीच, कारण उभ्या गाडीत रेस देऊन दाबाचा निर्णय करता येत नाही. दिवसाच्या वाहतुकीत पश्चिम द्रुतगती मार्गावर अशी चाचणी नीट होत नाही, म्हणून ती गर्दी नसलेल्या वेळी, वेगमर्यादेत आणि स्कॅनर वाचायला दुसरा माणूस बसवूनच करावी. आपल्या जुन्या गाडीचा टर्बो बदलायचा निर्णय ऐकणाऱ्या मालकाने होकार देण्याआधी जॉब कार्डवर तीन आकडे लिहून मागावेत : इंजिन बंद असतानाचा दाब, अॅक्च्युएटरला मिळणारा निर्वात आणि पूर्ण भारावरचा दाब. हे आकडे देऊ न शकणाऱ्या गॅरेजकडून टर्बो बदलून घेऊ नये.